त्रास कशाचा होतो?

भाविकाला गालात इंजेक्शन घ्यायचंय, हे मला निमेशने सांगितलं. निमेश माझा मुलगा, भाविका सून. गालफडं बसली की आत औषध भरून ती वर आणतात, त्याला फिलर म्हणतात, असं तो म्हणाला. सुईचं काम आहे, मला रजा नाही, तू सोबत जा. मी म्हटलं, जाते. तिला हे कुठून सुचलं, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

बोरीवलीच्या बाजारात मी पस्तीस वर्षं मासे विकले. तिथे बसणाऱ्या बाईला जीभ चालवावीच लागते. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की त्याला काहीतरी नाव ठेवायचं. आजूबाजूच्या चार जणी हसतात, गिऱ्हाईकही हसतं आणि मासा घेऊन जातं. ती सवय मी घरी आणली. बाळंतपणानंतर भाविका उतरत गेली. मूल अकरा महिन्यांचं झालं, अजून अंगावर पितं. हिचे गाल आत गेले, डोळ्यांखाली खड्डे पडले. मी तिला सुकट म्हणायला लागले. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, मूठभर घेतला तरी हाताला वजन लागत नाही. आधी स्वयंपाकघरात म्हणायचे, मग शेजारणींसमोर. माझ्या धाकट्या मुलीच्या, अपूर्वाच्या हळदीला भरल्या मांडवात म्हटलं, “आमच्या सुकटीला हळद लावायची कुठं? गालच नाहीत.”

बायका हसल्या. भाविकाही हसली. ती हसली म्हणजे तिला चालतं, असं मी धरून चालले.

दवाखाना स्टेशनच्या पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेरच्या मुलीने भाविकाला फॉर्म दिला. भाविकाने तो गुडघ्यावर ठेवून भरला आणि मला न दाखवता परत केला. मग आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर तरुण होत्या. अक्षता नाव, बोलणं नागपूरकडचं. त्यांनी भाविकाचे गाल बोटांनी दाबून पाहिले, उजेडात मान फिरवून पाहिली. मग फॉर्म वाचायला घेतला आणि एका ओळीवर थांबल्या. ‘त्रास कशाचा होतो?’ असा प्रश्न होता आणि पुढे भाविकाने एकच शब्द लिहिला होता.

“सुकटीचा त्रास होतो तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं. “पुरळ येतं, की श्वास कोंडतो?”

भाविकाने माझ्याकडे पाहिलं. मी काय तो खुलासा करेन, असं तिला वाटलं असावं.

“पुरळ येतं,” मी म्हटलं. “खाल्लं की लगेच.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. ओठ सुजतात का? मी म्हटलं, थोडे. कधी दवाखान्यात न्यावं लागलं का? एकदा, मी म्हटलं. मी काय काम करायचे, तेही त्यांनी विचारलं. मासे विकायचे, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग घरात हिचे हाल होत असतील, मावशी. त्यावर मी म्हटलं, हिचं आम्ही वेगळं शिजवतो. एकातून दुसरं खोटं बाहेर येत गेलं आणि मला बोलताना अडखळायलाही झालं नाही. अशी ॲलर्जी असेल तर आज सुई लावणार नाही, आधी तपासणी करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा मला बरंच वाटलं. सुई टळली आणि माझंही झाकलं गेलं.

“आई,” भाविका म्हणाली, “माझं वेगळं कधी शिजवलंत?”

आवाज चढला नव्हता. ती डॉक्टरांकडे वळली. सुकट खाल्ल्याने मला काही होत नाही, ते माझं घरातलं नाव आहे, असं तिने सांगितलं.

“कोण म्हणतं?” डॉक्टरांनी विचारलं.

एवढं झाल्यावरही माझं नाव भाविकाच्या तोंडून निघेना. ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. डॉक्टर वाट पाहत होत्या. मी अजून थोडं थांबले असते तर तिने तेही गिळलं असतं.

“मी म्हणते,” मी म्हटलं. “आता सांगितलं ते सगळं खोटं होतं.”

मी सांगितलेल्या ओळी डॉक्टरांनी एकेक करून खोडल्या. खोडताना त्या प्रत्येक ओळ पुन्हा वाचत होत्या आणि मी खाली मान घालून बसले होते.

मग त्या भाविकाशी बोलल्या. वयाने गाल बसलेल्या बाईला, किंवा ज्यांचे पहिल्यापासूनच तसे आहेत अशांना, त्या हे औषध देतात. वर्षभराने ते विरत जातं, आणि चेहरा आपलाच राहतो, दुसऱ्याचा होत नाही, हे समजून जी स्वतःसाठी येते तिला देतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला देत नाहीत. शिवाय फॉर्मवर लिहिलंय तसे अकरा महिन्यांत नऊ किलो उतरले, ते का, हे आधी शोधायला हवं. नऊ किलो हा आकडा मी तिथे पहिल्यांदा ऐकला. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन. तिच्या ताटात काय पडतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

“बाळाचं दूध सुटल्यावर येऊ?” भाविकाने विचारलं.

“तेव्हाही वाटलं तर या,” डॉक्टर म्हणाल्या आणि रक्त तपासायची चिठ्ठी दिली.

जिन्यात भाविका मला म्हणाली, “मी येईन कदाचित. मला हवंसं वाटलं तर. पण तुम्ही येऊ नका.”

मी बरं म्हटलं. माफी मागायची होती. पण बाजारात सगळ्यांना बोलत आलेल्या मला एक शब्द जुळवता येईना.

रक्त घेण्याची खोली तळमजल्यावर होती. भाविका खुर्चीत बसली, हात पुढे केला. तिथल्या मुलीने विचारलं, चक्कर आली तर धरायला सोबत कोणी आहे का?

“नाही,” भाविका म्हणाली.

मी दारातच उभी होते. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मावशी, तुमचा नंबर कितवा? मी म्हटलं, माझं काही नाही. आणि बाहेरच्या बाकावर, इतर लोकांत जाऊन बसले.