शेवटच्या खाटेजवळ

साथीच्या रोगांचं ते इस्पितळ बंद पडून जमाना झाला होता. आता तिथं लोक तिकीट काढून भुतं बघायला यायचे. आधी शवागार, मग फुटक्या बाटल्यांची खोली आणि सगळ्यात शेवटी बायकांचा वॉर्ड. तिथं लोखंडी खाटांच्या रांगेपुढं उभी राहून गाइडबाई आवाज खाली आणायची.

"इथं एक नर्स होती. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसायची, त्याचा हात धरायची. सगळ्यांना वाटायचं, किती माया! पण तिनं हात धरलेला एकही माणूस वाचला नाही..."

तेवढ्यात शेवटच्या खाटेमागचा पडदा हलायचा, पांढरा झगा झपकन् दिसायचा आणि कुणीतरी हमखास किंचाळायचं.

झग्यात गाइडबाईचा नवरा असायचा. एरवी विजेची कामं करणारा, आडदांड, झुपकेदार मिशांचा माणूस. "लग्नातसुद्धा कुणी मला एवढं नटवलं नव्हतं," असं कुरकुरत तो झगा चढवायचा. नर्सबद्दल खरं म्हणावं तर एवढंच माहीत होतं, की ती साथीत रोग्यांची सेवा करता करता स्वतःही गेली. पण तेवढ्यावर तिकिटं खपत नाहीत, म्हणून या फेऱ्या चालवणाऱ्या मालकानं तिला जीवघेणी करून टाकलं होतं.

दर शनिवारी दुपारच्या फेरीला एक काका यायला लागले. बसमध्ये कंडक्टरकी करून निवृत्त झालेले. सवय जाता जात नाही म्हणतात तसं, दारात गर्दी तुंबली की त्यांच्या तोंडून आपसूक निघायचं, "पुढं सरका, पुढं जागा आहे!" शवागारात ते नुसतेच उभे राहायचे. बायकांच्या वॉर्डात मात्र सगळे निघून गेल्यावरही त्यांचा पाय हलत नसे.

एकदा त्यांनी गाइडबाईला विचारलं, "बाई, ती हात धरायची, एवढं तरी खरं ना?"

"म्हणतात तसं, काका."

"मग वाईट नसेल हो ती. वाईट माणूस उशाशी कशाला बसेल?"

बोलता बोलता कळलं, की त्यांची बायको वर्षापूर्वी दुसऱ्या एका इस्पितळात गेली होती. कितीतरी रात्री तिच्या खाटेजवळ जागून काढल्यावर, मुलीच्या आग्रहानं ते जरा पाठ टेकायला घरी गेले आणि नेमकी त्याच वेळी ती गेली.

त्या दिवशी गाइडबाईला घास गोड लागेना. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते बायकोला शोधत येतात. आणि आपण त्यांना काय दाखवतो? तुम्हाला!"

नवऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. "सांगून टाक त्यांना खरं. मालक ओरडला तर मी बघून घेतो."

पुढच्या शनिवारी ती सांगणारच होती, पण तिच्या आधी काकांची मुलगी येऊन थडकली. औषधांच्या दुकानात काम करणारी, चाळिशीची, धाडधाड बोलणारी बाई. धुवायला काढलेल्या सदऱ्याच्या खिशात तिला तिकिटं सापडली होती. बाकीची मंडळी बाहेर पडत असताना तिनं वडिलांना शेवटच्या खाटेपाशी गाठलं.

"बाबा, ही काय थेरं? लोकांनी तोंडात शेण घालायचं का आमच्या? आणि तुम्ही हो बाई, म्हाताऱ्या माणसाला भुलवायला काही वाटत नाही?"

गाइडबाईचा चेहरा उतरला. "तुमचं बरोबर आहे ताई. काका, इथं भूतबीत काही नाही. मला तरी आजवर कधी दिसलं नाही. पडद्यामागं माझे मिस्टर असतात."

पडद्यामागून नवरा झग्यासकट, मान खाली घालून बाहेर आला.

काका हसले. "अहो, दुसऱ्याच खेपेला कळलं मला ते. पडद्याखालून चपला दिसतात यांच्या."

"मग येता कशाला?" मुलगी कळवळून म्हणाली.

काका खाटेच्या दांडीला धरून उभे होते. "इथं मेलेल्या माणसांबद्दल बोलतात गं. घरी मी तुझ्या आईचं नाव काढलं, की तू भांडी घासायला उठतेस. जावईबापू टीव्ही मोठा करतात. शेजारचे म्हणतात, आता विसरा. मी विसरू कसा? मला एवढंसुद्धा माहीत नाही, की शेवटी तिनं काय केलं, काय म्हणाली. तू होतीस तिथं. कधी बोलली नाहीस."

मुलगी मटकन् खाटेवर बसली. गंजलेल्या स्प्रिंगा करकरल्या, पण कुणी हसलं नाही.

"मी तुम्हाला फोन करणार होते, बाबा," ती म्हणाली. "फोन हातात घेतलाही होता. आईनं माझं मनगट धरलं. म्हणाली, 'ह्यांना उठवू नकोस, किती दिवसांनी झोपलेत.' मला वाटलं, सकाळपर्यंत काही होत नाही. तिनं हात सोडलाच नाही शेवटपर्यंत. मी... तुम्ही मला विचारलं असतंत, का उठवलं नाहीस, तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

काका लेकीशेजारी बसले. "उठवायला हवं होतंस," ते म्हणाले. तिनं मान हलवली. "पण तिचं कुणी कधी ऐकलं नाही असं झालंय का? मी तरी कुठं टाळू शकलो तिचा शब्द!" असं म्हणून त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडू लागली.

गाइडबाईनं नवऱ्याला खूण केली. दोघं हळूच बाहेर आले.

काका त्यानंतर फेरीला आले नाहीत. गाइडबाईनं नर्सची गोष्ट बदलली. ती कशी राबली आणि कशी गेली, एवढंच सांगू लागली. मालक आठवडाभर धुसफुसला, पण लोक यायचे थांबले नाहीत. फक्त किंचाळण्याऐवजी आता ते प्रश्न विचारत.

काही दिवसांनी काकांची मुलगी आली ती गाइडबाईला आणि तिच्या नवऱ्याला जेवायला बोलवायलाच. घरात भिंतीवर काकांच्या बायकोचा फोटो होता, खळखळून हसतानाचा. जेवताना विषय निघाला तो तिच्या गाण्याचा.

"काय गळा होता!" काका म्हणाले.

"बाबा, आई बेसूर गायची. सगळ्या गल्लीला माहीत होतं."

"बेसूर? अगं, तिच्या गाण्यावर भाळूनच तर मी लग्न केलं!"

"म्हणजे तुमचाही कान गेलेलाच होता," मुलगी म्हणाली. जावईबापूंना ठसका लागला. काका घास हातात धरून तावातावानं बाजू मांडू लागले, आणि जेवण निवलं तरी कुणी माघार घेईना.