राबातली राख आणि माझी सुतळी

मित्रांनो, माझ्या बिजागरीला सुतळी बांधली आहे म्हणून हसू नका. मी एक जुना लॅपटॉप. पुण्याच्या एका कचेरीत सहा वर्षं राबलो, तेव्हा माझं कोण कौतुक! मग नवी यंत्रं आली आणि मला खोक्यात कोंबलं. तिथून मी भोरला एसटी स्टँडजवळच्या अमीरभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो. "जीव हाय अजून ह्याच्यात," ते म्हणाले, त्यांनी मोडक्या बिजागरीला सुतळी बांधली, आणि कॉलेजात शिकणाऱ्या छायाने मला तिच्या गावी, मार्गासनीला नेलं.

यंदा भाताची रोपं वीतभर झाली, तेव्हा शेजारचे गेनबा मोबाईल घेऊन छायाच्या आत्याकडे आले. आत्याचं नाव भामाबाई.

"भामाबाय, पानाचा फोटू काढला तर ह्यो म्हंतो करपा रोग पडलाय. म्या औषध आणाया निघालोय. तुमच्या बी रोपाला हाय बगा."

भामाबाईंनी पान उलटंसुलटं पाहिलं. "कशाचा करपा! राबाची राख उडलीया वर."

राब म्हणजे भाताची रोपं वाढवायचा जमिनीचा तुकडा. आमच्याकडे पेरणीआधी त्यावर पालापाचोळा पसरून तो भाजतात. पाऊस पडला की काळी राख उडून पानांवर ठिपके बसतात. मोबाईलमधल्या सॉफ्टवेअरला हजारो फोटो दाखवून रोग ओळखायला शिकवलं होतं, पण त्यांत राबाचा एकही फोटो नव्हता. बिचाऱ्याने राख पाहिलीच नव्हती!

आता निरोगी रोपांवर गावभर विष फवारलं जाणार, या विचाराने छायाचा जीव कासावीस झाला. पण ते सॉफ्टवेअर कोणा एकाच्या मालकीचं नव्हतं. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. चूक दिसली तर कोणीही कळवावी, दुरुस्ती पाठवावी, आणि सांभाळणाऱ्यांनी तपासून ती घ्यावी, अशी त्यांची रीत.

"मीच कळवते," छाया म्हणाली. "गेनबाकाका, लावणीपर्यंत औषध मारू नका."

"बरं. पर लावणीला बारा दिसच ऱ्हायल्यात. तवर थांबतो."

छायाने चूक लिहून कळवली. ते सांभाळणाऱ्यांपैकी दूरदेशीच्या एका बाईंनी उत्तर दिलं की फोटो पाठवा. तिने आत्याकडे राबातली चाळीस रोपं मागितली, घाईने त्यांचे फोटो काढले आणि पाठवून दिले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, "आम्ही तपासलं. सगळी रोपं निरोगी ओळखली. आम्हाला चूक दिसत नाही."

छाया चक्रावली. तिने फोटो माझ्या पडद्यावर मोठे करून पाहिले. पानं हिरवीगार, एक ठिपका नाही, आणि खाली पांढरं धुतलेलं फडकं!

"आत्या, रोपं धुतलीस?"

"मग? परदेशी मान्सांला घान दावायची व्हय? वढ्यावर न्हेऊन एकेक पान चोळलंय म्या."

छायाने कपाळावर हात मारला. मला तर हसून हसून गरम व्हायला झालं. भामाबाई मात्र खजील झाल्या. मग पदर खोचून उठल्या. "चल, परत काढू. आता चिखलासकट."

तीन दिवस दोघी वाडीतल्या सगळ्या राबांत हिंडल्या. रोप निरोगी की रोगी, हे भामाबाईंनी सांगायचं आणि छायाने लिहायचं. खरा करपा असलेली पानंही भामाबाईंनी शोधून दिली. "दोनी दाव त्याला. न्हाई तर आजाऱ्याला बी बरा म्हनंल." एकशे बारा फोटो झाले.

सॉफ्टवेअर या फोटोंना काय म्हणतं, ती तपासणी मात्र माझ्यावर चालवायची होती. अर्ध्यात माझा पंखा अडकला, मी आचके दिले आणि बंद पडलो. छायाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण रडत बसेल तर ती छाया कसली! सकाळच्या एसटीने तिने मला भोरला नेलं. अमीरभाईंनी पंखा उघडला. आत बोटभर धूळ. "पोरी, ह्याला कधी साफ केलंस का न्हाई?" छाया ओशाळली. मी मनात म्हटलं, बरं झालं, कोणीतरी बोललं!

पंखा फिरला आणि त्याच दुकानात बसून तिने तपासणी पुरी केली. राख बसलेल्या बहुतेक निरोगी रोपांना सॉफ्टवेअर करपा म्हणत होतं. चूक आता उघडी पडली. छायाने ती फोटोंसकट पाठवली.

सांभाळणाऱ्यांनी ते फोटो दाखवून सॉफ्टवेअरला पुन्हा शिकवलं, आणि लावणीच्या आदल्या दिवशी दुरुस्ती आली. गेनबांनी राबात उभं राहून फोटो काढला. मोबाईल म्हणाला, निरोगी.

"त्याला आज कळलं व्हय?" भामाबाई म्हणाल्या.

छायाने त्यांना माझ्यासमोर बसवलं. सॉफ्टवेअरला मदत करणाऱ्यांच्या यादीत तिच्या नावाच्या वर लिहिलं होतं, भामाबाई, मार्गासनी. भामाबाईंना वाचता येत नाही. छायाने त्यांचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं. मग भामाबाई पदराने माझा पडदा हळूच पुसू लागल्या.

मित्रांनो, चूक दिसली की ती पुसून पाठवू नका, आहे तशी दाखवा. पुसायचंच असेल, तर तुमच्या घरातल्या माझ्यासारख्या एखाद्या म्हाताऱ्याला पुसा.