साहेबरावांच्या नावचा बेडका

आमच्या साहेबरावांनी आणि सरदारभाईनं आयुष्यात पूर्ण केलेली गोष्ट एकच, ती म्हणजे नोकरी. बाकी सगळं अर्धं अर्धं. वाळूजच्या एका फाउंड्रीत दोघं एकाच भट्टीवर लागले, तिथूनच रिटायर झाले, अन् तिथली धूळ छातीत घेऊन बजाजनगरात समोरासमोर राहायला आले. माझी भाकरी अर्धी सरदारभाईच्या डब्यात, त्याच्या बायकोचा, अनवरीचा, खिमा अर्धा यांच्या डब्यात. चहा एक, बश्या दोन. बिडीसुद्धा एकच पेटायची, अर्धी हे ओढायचे, अर्धी तो. डॉक्टरनं एकदा विचारलं, दिवसाला किती बिड्या ओढता? हे छातीवर हात ठेवून म्हणले, "पूर्ण अशी एकबी नाय."

मी लीलाबाई, ह्या माणसाची बायको. माझं डोकं लवकर तापतं असं सगळी गल्ली म्हणते. तुम्हीच ऐका अन् ठरवा, तापायला नको तर काय.

बिड्या सुटल्या तोवर छाती गेली होती. थंडी पडली की दोघांचा दम उचल खायचा, बेडके पिवळे पडायचे. मग एकानं डॉक्टरकडं जायचं, जंतू मारायच्या पावरच्या गोळ्यांची पट्टी आणायची, कात्रीनं मधोमध कापायची. अर्धी तुला, अर्धी मला. दोन दिवसांनी दोघांनाबी बरं वाटायचं अन् दोघंबी डॉक्टरला नावाजायचे. पुढच्या खेपेला दुसऱ्यानं जायचं. पाळी ठरलेली.

मी म्हणायचे, "अहो, गोळ्या म्हणजे काय बुंदीचे लाडू हायत का वाटून खायला?"

"लीला, एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाय," हे म्हणायचे.

अन् सरदारभाई मान डोलवायचा. "हौ भाभी. बराबर बोलता हाय." आता अशा दोघांपुढं कुणी डोकं फोडावं?

यंदा मात्र यांचा दम उतरंना. ओट्यावरून मोरीपर्यंत गेले तरी धाप. सरकारी दवाखान्यात छातीच्या डॉक्टर सुलेखा मॅडम हायत, त्यांनी तोंडानं ओढायचा दम्याचा पंप बदलून दिला अन् हातात एक झाकणाची डबी दिली. "काका, सकाळी उठल्यावर चूळ भरा अन् खोल खोकून छातीतला बेडका यात द्या. थुंकी नको, बेडका. त्यातले जंतू वाढवून बघू, कोणत्या औषधाला मरतात ते. तोवर घरातली उरलीसुरली गोळी खायची नाही."

सकाळी हे ओट्यावर डबी घेऊन बसले. खोकून खोकून तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण डबीत निघाली ती निव्वळ थुंकी. तेवढ्यात सरदारभाई अर्ध्या चहाला आला. मी मोरीत धुणं धूत होते, मला काय कल्पना. मी बाहेर आले तर डबी भरलेली, घट्ट, हिरवीगार. मी म्हणलं, "वा! जमलं की तुम्हाला." हे गप. सरदारभाई बशीतला चहा फुंकत होता, तोबी गप. त्या दोघांना मी इतकं गप कधीच बघितलं नव्हतं, तिथंच मला कळायला पाहिजे होतं. पण मी डबीवर यांचं नाव बघितलं, पिशवीत घातली अन् सिटीबसमधून मांडीवर धरून नेली. तुपाची बरणी न्यावी तशी.

रिपोर्ट आला तशा मॅडम खुर्चीत सरसावून बसल्या. "काका, हे जंतू कोडगे झालेत. अर्धवट गोळ्या खाऊन खाऊन होतं असं. आता एकाही गोळीला दाद देत नाहीत. फक्त सलाइनमधून द्यायचं एक इंजेक्शन चालेल. आजच भरती व्हा."

मी घाबरले. यांना खाटेवर निजवलं, हाताला सुई लावली, तोंडाला वाफेचा मास्क लावला. हे माझ्याकडं न बघता छताकडं बघत होते. मला वाटलं, मरणाला भ्यालंय माणूस.

सरदारभाई रोज डबा घेऊन यायचा. अनवरी बिचारी पथ्याचं करून द्यायची. दवाखान्याचा जिना चढून आला की स्टुलावर बसायचा अन् बराच वेळ बोलायचाच नाय. ओठ जांभळे. अंगाला हात लावला तर तव्यासारखं गरम. अनवरी मला फोनवर म्हणली, "भाभी, ये कुछ खाते नइ. डॉक्टरकू दिखाओ बोले तो बोलते, पहले साहेबरावकू अच्छा होने दो." म्हणजे डॉक्टरकडं जायचीबी पाळी! इकडं हे मात्र सुधरत होते. वाफेनं दम खाली आला, भूक लागली. मी सलाइनला मनातल्या मनात नमस्कार करायचे.

एका दुपारी सरदारभाई आलाच नाय. डबा आला, तो वॉर्डच्या मावशीच्या हातात. "जिन्यात एक म्हातारा बसलाय बाई. उठता येईना त्याला. डबा तेवढा द्या म्हणतो."

त्याला स्ट्रेचरवर घालून आमच्याच वॉर्डात आणलं. नखं निळी, छातीचा भाता नुसता चाललेला. अनवरीला मी फोन केला, काय बोलले ते मला आठवत नाय. मॅडम धावत आल्या, ऑक्सिजन लावला अन् नर्सला म्हणल्या, "नेहमीचं अँटिबायोटिक सुरू करा. बेडका तपासायला पाठवू. रिपोर्टला तीन-चार दिवस लागतील, तोवर कोणतं चालेल ते अंदाजानंच."

मग हळूच मला म्हणल्या, "तेवढे दिवस यांच्याजवळ आहेत का, सांगता येत नाही."

तेव्हा आमच्या साहेबरावांनी तोंडावरचा मास्क ओढून काढला.

"मॅडम, त्याचा रिपोर्ट आलाय."

"कधी? कुठं आहे?"

"तुमच्याकडंच हाय. माझ्या नावावर."

मॅडमला कळेना. मलाबी कळेना. यांनी सगळं सांगितलं. माझं काय निघंना, याचं निघत होतं. तुम्ही डबी भरून मागितली होती, रिकामी कशी पाठवायची. आम्ही साखर मागतो शेजारी, विरजण मागतो. हे मागितलं.

मॅडमनं डोळे मिटले, उघडले, अन् मग जे बोलल्या ते मी इथं सांगत नाय. डॉक्टर माणसाला इतकं येतं, हे मला माहीत नव्हतं. बोलता बोलताच त्यांनी यांची सलाइन बंद केली, तेच इंजेक्शन सरदारभाईला सुरू करायला लावलं, अन् रिपोर्टवरचं यांचं नाव खोडून त्याचं लिहिलं. मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगू? आतून मला वाटलं, बरं झालं बाई, गाढवांनी गाढवपणा केला म्हणून तेवढे दिवस तरी वाचले.

मग यांचा स्वतःचा बेडका घेतला, नर्स समोर उभी राहून. त्यातले जंतू साधे निघाले, गोळीनं मरणारे. मॅडमनं पट्टी दिली. "सगळ्या संपवायच्या. बरं वाटलं तरी. अन् यातली एकही कुणाला दिली तर माझ्या दारात यायचं नाही."

"नाय देत," हे म्हणले.

सरदारभाईचा ताप हळूहळू उतरला. छातीचा गेलेला भाग काही परत येणार नाय, घरी ऑक्सिजनचं मशीन लागंल, असं मॅडमनं अनवरीला सांगितलं. अनवरी म्हणली, "मशीन तो मशीन. आदमी घरकू आना."

यांना घरी सोडल्यावर एक दिवस आम्ही त्याला भेटायला गेलो. मी अनवरीशी बोलत होते, पण माझा एक डोळा यांच्यावर होता. यांनी इकडंतिकडं बघितलं, खिशात हात घातला अन् कात्रीनं कापलेली अर्धी पट्टी काढून हळूच सरदारभाईच्या उशीखाली सारली.

"अहो!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळला. "पुन्हा? अजून पुन्हा? लाज वाटत नाय का तुम्हाला?"

हे खाली मान घालून म्हणले, "मला बरं वाटतंय आता. घरी गेल्यावर त्याला दम लागला तर? मी एकटाच कसा खाऊ?"

सरदारभाईनं उशीखाली हात घालून पट्टी काढली. मास्क बाजूला केला. अनवरी "नक्को, नक्को" करत होती, त्यानं तिला थांबवलं. एक गोळी फोडून यांच्या तळहातावर ठेवली.

"खा."

"अन् तू?"

"मेरा हो गया. तू खा. मैं देखता."

मी पाणी दिलं. यांनी गोळी तोंडात टाकली, घोट घेतला, अन् लहान पोरासारखे रडायला लागले. सरदारभाईचा श्वास शिट्टी वाजवत होता, ओठ पुन्हा काळे पडत होते, तरी त्यानं मास्क लावला नाय. यांची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, जीभ उचलून खाली बघितलं. गोळी गेल्याची खात्री झाली, मगच मास्क लावून घेतला.