दोन किलोमीटरचं डिझेल

गाडी घ्यायला चौघं गेले. त्यांतल्या तिघांना गाडीतलं सगळं कळतं, असं त्या तिघांचं मत होतं.

चौथी प्रणाली. कर्ज तिच्या नावावर, कारण बँकेच्या कर्मचाऱ्याला व्याज कमी. बाकी तिचा संबंध नव्हता.

मायलेज

"डिझेलच," धर्मेंद्र म्हणाला.

धर्मेंद्र म्हणजे नणंदेचा नवरा. मूळच्या वरूडच्या या घरात मोठी वस्तू जावयाच्या तोंडून ठरते. फ्रीज त्यानं ठरवला. बोअरची जागाही त्यानंच ठरवली. बोअरला पाणी लागलं नाही, पण जावयाचा मान तसूभरही उतरला नाही. ट्रॅक्टर सोडला तर त्यानं जन्मात काही चालवलं नव्हतं.

"अन वावरात डिझेलचा डरम भरला राहाते," सासरे चंद्रभानजी म्हणाले. "त्यातलंच टाकत जाऊ."

म्हणजे बादलीनं, मळक्या फडक्यातून गाळून. सेल्समननं क्षणभर डोळे मिटले.

पिकअप

"पेट्रोलची दीड लाखानं स्वस्त हाये," प्रणाली म्हणाली. "हे रोज जातात राजापेठच्या घरून इर्विन चौकातल्या ऑफिसात. दोन किलोमीटर. तेवढ्यानं डिझेलचा जास्तीचा पैसा निघायले सात जलम लागतीन. मी अकोल्याले नेत असन, तर डिझेल घ्या. गाडी जाईन कुठं, ते आधी सांगा."

"अकोल्याले? हायवेवर? तू?" तिचा नवरा जीवन हसला. जावई हसतोय ना हे बघून मग आणखी मोठ्यानं हसला.

"वहिनी, डिझेलले दम राहाते," धर्मेंद्र म्हणाला. "पेट्रोल म्हणजे कसं, मिक्सर फिरवल्यावानी."

गाडी जाणार कुठं, हे कोणी सांगितलं नाही.

रिसेल

याबद्दल तिघांनाही काहीच माहीत नव्हतं, म्हणून चर्चा सर्वांत जास्त इथंच लांबली.

किंमत

प्रणालीला बढती मिळाली होती. अकोल्याची शाखा तिच्या हाती येणार होती. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर बढती गेली. जीवन म्हणत होता, जाऊ दे. अगदीच हौस असेल तर पॅसेंजरनं जा-ये कर, थकलीस की आपोआप उतरेल. हे तो नवी डिझेल गाडी पुसता पुसता म्हणाला.

देखभाल

जीवन दुसऱ्या गिअरमध्ये ऑफिसला जाई. हॉर्न वाजवी. लिंबाखाली गाडी लावून खिडकीतून तिच्याकडे बघत बसे. हायवे त्याला वर्ज्य. ट्रक दिसला की त्याचे हात ओले होत. थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला तो विझेना.

"पिवळा म्हणजे थोडंसंच," धर्मेंद्रनं फोनवर निदान केलं. "लाल झाला की पाहू."

"आपल्या टॅक्टरले असा दिवाच नसते," चंद्रभानजींनी कंपनीची चूक दाखवली.

शेवटी सर्व्हिस सेंटरला फोन लागला.

"साहेब, रोज किती चालते?"

"दोन किलोमीटर. जाऊन-येऊन चार."

पलीकडे कोणीतरी खोकलं. मग समजावलं, की धुराची काजळी धरणारी जाळी चोंदली आहे. गाडी हायवेवर काढा, अर्धा-पाऊण तास एका वेगानं पळवा, आत तापलं की काजळी जळते. नाहीतर जाळीचा खर्च मोठा आहे.

"धर्मेंद्रभाऊले बोलावतो," जीवन म्हणाला.

जावयाची पाठ नेमकी तेव्हाच धरली.

दम

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी प्रणालीनं डबा भरला, बँकेची बॅग मागच्या सीटवर टाकली आणि चालकाच्या जागी बसली. जीवन शेजारी बसला, सूचना द्यायला. बडनेऱ्यापर्यंत दिल्या. पुढे ट्रक लागले, तसं त्यानं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. ती पाचव्या गिअरमध्ये शांतपणे एकेक ट्रक मागे टाकत गेली.

मूर्तिजापूर जवळ आलं.

"गेला! दिवा गेला!" जीवनला कंठ फुटला. "झालं काम. वळव आता, मले ऑफिस हाये."

"मलेबी."

"अवं, पण गाडी—"

"गाडी अकोल्याले चालली. रोज जाईन. दोन किलोमीटर चालवली तर पुन्हा चोंदते, ऐकलं ना तुमी? तुमाले इथंच स्टेशनवर उतरवते. पॅसेंजर भेटन."

"मी? पॅसेंजरनं?"

स्टेशनसमोर ती थांबली. इंजिन बंद केलं नाही.