पिल्लांसमोर बोलायचं नाही

आमची संस्था जगभर पसरलेली. कुठे कासवं वाचवते, कुठे जंगलं. आमच्या वाट्याला आले करकोचे, नामशेष व्हायच्या बेतातले. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की दलदलीत सोडून द्यायची. नियम एकच, पण कडक: पिल्लांसमोर चकार शब्द काढायचा नाही. अंगभर पांढरा झगा, तोंडावर जाळी, हातात करकोच्याच्या डोक्याची बाहुली. तिच्या चोचीनं भरवायचं. माणूस म्हणजे काय, हे पिल्लाला कळताच कामा नये. माणसाला जे पाखरू भीत नाही ते बाहेर फार दिवस टिकत नाही.

भरवायचं काम मावशींचं. एरवी बाई नुसती बडबडी. जेवणाच्या सुट्टीत आमचे कान किटायचे. पण झगा चढवला की तोंडाला कुलूप. यंदाचं शेवटचं पिल्लू अगदीच मरतुकडं निघालं, चोचच उघडेना. मी तर आशाच सोडली होती. मग अचानक खायला लागलं आणि बघता बघता सगळ्यांत गुटगुटीत झालं. मी चारचौघांत मावशींची पाठ थोपटली. त्या हसल्या नाहीत.

सोडण्याआधी परीक्षा असते. साध्या कपड्यांतली माणसं गप्पा मारत पिंजऱ्याजवळून जातात. पाखरांनी घाबरून पळायला हवं. सगळी पळाली. मावशींचं ते गुटगुटीत पिल्लू एकटं मात्र पंख पसरून आमच्याकडेच धावत आलं.

"काय करून बसलात हे, मावशी?" माझं डोकंच फिरलं.

"'खा रे राजा' म्हटलं की खायचं ते," त्या म्हणाल्या. "नाहीतर मेलं असतं."

"मग आता हे जगलं म्हणायचं का?"

नको ते बोलून गेलो. जीभ आवरत नाही माझी, आणि ते वाक्य अजून मला खातं. मावशी एकदाच म्हणाल्या, "सोडून तर बघू, साहेब. थव्यात राहून शिकेल." मी नाही म्हटलं. पहिला जो कुणी हाक मारेल, त्याच्या हातात ते आयतं सापडलं असतं. बाकीची दलदलीत गेली. ह्याच्या नशिबी जन्माचा पिंजरा.

काल जंगली करकोच्यांचा थवा ओरडत डोक्यावरून गेला. मी आणि मावशी जाळीशी उभे होतो. मावशींनी वर बोट दाखवलं, पुन्हा पुन्हा दाखवलं. पाखरानं मान वर केली नाही. आता काहीतरी बोलतील म्हणून ते मावशींच्या तोंडाकडे बघत राहिलं.