नवमीची सवाष्ण

पडद्यावरच्या बाईचा अश्रू डोळ्याच्या कडेपासून हनुवटीपर्यंत पोचायला अकरा सेकंद लागले. अश्रू एकाच डोळ्यातून आला, उजव्या. त्याआधी तिने रुमाल नाकाच्या उजव्या बाजूला धरला होता आणि रुमालाच्या घडीत अर्धा कांदा होता.

इल्फर्डच्या कम्युनिटी हॉलमध्ये शनिवारी दुपारी आम्ही वीसेक बायका हा स्पॅनिश सिनेमा बघत होतो. गोष्ट तीन बायकांची. दोघी रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्या, तिसरी तुरुंगातून सुटलेली. मिठागरांच्या त्या गावात त्यांना कोणी दारात उभं करत नाही, पण श्रीमंताघरी कोणी मेलं की रडायला म्हणून त्यांनाच बोलावणं येतं. मग एक दिवस, ज्याने तिघींना देशोधडीला लावलं तो मिठागरवालाच मरतो. त्या ठरवतात, याच्या मयताला हसायचं. आणि हसतात. पाद्री थांबतो, बँड थांबतो, एकीचा कांदा घरंगळत शवपेटीत जातो.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी मधुमतीताई हसून हसून डोळे पुसत होत्या. "अस्सं पाहिजे मेल्याला!"

मी हसले नाही. शवपेटीपाशी मालकाची दुसरी बायको उभी होती, जेमतेम एकोणीस वर्षांची. तिघींचं सगळं हसणं तिच्या अंगावर पडत होतं. तिने कोणाचंच काही केलं नव्हतं.

नंतर चहाच्या टेबलाशी ताई माझ्या कानाशी आल्या. ताई डबे करतात, आणि सणासुदीला मराठी घरांत स्वयंपाकाला जातात. विधवा आहेत, त्यामुळे बोलावणं चुलीपर्यंत असतं, पानापर्यंत नाही.

"सोमवारी अविधवा नवमी. स्टॅनमोरहून फोन होता. सुहासिनीबाईंना सवाष्ण मिळत नाहीये. वर्किंग डे ना, सगळ्या ऑफिसात. मला म्हणाल्या, तुमच्या ओळखीची कोणी असली तर पाठवा."

नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने पितृपक्षातल्या नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात. सुहासिनीबाई माझ्या सासूबाई. त्यांच्या घरात नवऱ्याआधी गेलेली बाई म्हणजे मी.

एकवीस साली माझा नवरा अनुप मला सुट्टीसाठी नागपूरला घेऊन गेला आणि माझा पासपोर्ट घेऊन एकटाच इकडे परतला. माहेरच्या घरात मला पंधरा दिवसांनी कळलं की सुट्टी संपली आहे. तेव्हा कोविडची दुसरी लाट होती, माणसं रोज जात होती. स्टॅनमोरमध्ये सासूबाईंनी सांगितलं, सून गेली. कोणी पुरावा मागितला नाही. तीन वर्षांनी मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीवर, स्वतःच्या व्हिसावर परत आले. मी मेले आहे हे मला ताईंकडून कळलं. नवमीचा स्वयंपाक करायला गेल्या असताना त्यांनी हार घातलेला माझा फोटो पाहिला होता.

"परत येऊन चौदा महिने झाले तुला," ताई म्हणाल्या. "मॅरेज सर्टिफिकेट आहे, घटस्फोट झालेला नाही. आणखी कशाची वाट बघतेस? त्याच्या दुसऱ्या लग्नात आहेर घेऊन जाणारेस?"

"लग्न होऊ दे."

"काय?"

"डिसेंबरात नागपूरला आहे. दुसरं लग्न लागलं की गुन्हा होतो. त्याआधी ते नुसतं खोटं बोलणं आहे. खोटं बोलल्याबद्दल कोणी आत जात नाही."

"आणि ती पोरगी? शाल्मली?"

मी कपातला चहा ढवळत राहिले. साखर घातलेली नव्हती.

"मला जाऊ द्या सोमवारी," मी म्हणाले. "कायद्याने मी सवाष्णच आहे."

ताईंनी कप खाली ठेवला. मग त्यांना हसू आवरेना. "अगं बाई! आणि ती पण त्याचीच!"

मी काही बोलणार नव्हते. जेवणार होते आणि उठणार होते. डिसेंबरपर्यंत त्या मायलेकांना झोप लागू नये, एवढाच बेत होता.

सोमवारी साडेबाराला सासूबाईंनी दार उघडलं. हातात कुंकवाचा करंडा होता. ओठांवरचं हसू तसंच राहिलं, चेहऱ्याचा रंग तेवढा गेला.

"तू..."

"मी स्वाती," मी वाटेत ठरवलेलं नाव सांगितलं. "मधुमतीताईंनी पाठवलं."

त्यांच्यामागून एक उंच, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी डोकावली. साडीला तीन ठिकाणी पिना. "आल्या का? या ना, ताई! मी शाल्मली."

आतून गुरुजींचा आवाज आला. "सवाष्ण आली असेल तर पटकन घ्या. मला पावणेदोनला हॅरोला दुसरं श्राद्ध आहे."

मला परत पाठवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. सासूबाई बाजूला झाल्या. परात पुढे ओढून त्या माझे पाय धुवायला बसल्या.

"काय पाहिजे तुला?" त्या खाली बघूनच पुटपुटल्या.

"जेवण. बोलावलंय ना?"

कुंकू लावताना त्यांचं बोट माझ्या कपाळावर टेकेना. मी हात धरून ते टेकवलं.

माझा पाट फोटोपासून तीन फुटांवर होता. फोटोत मी चोवीस वर्षांची, चष्म्याशिवाय, आत्तापेक्षा अकरा किलोंनी कमी. हार ताजा होता. शाल्मलीने फोटोकडेही पाहिलं आणि माझ्याकडेही, पण एकापाठोपाठ एक नाही. अनुप सोवळं नेसून जिन्यावरून उतरत होता. तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय थांबला.

"या यजमान," गुरुजी म्हणाले. "काय झालं, ऑफिसचा कॉल आहे का?"

"नाही," अनुप म्हणाला. तो बसला. त्याच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला. मला खूप बरं वाटलं. हे मी चार वर्षं मनात पाहिलं होतं आणि प्रत्यक्षात ते त्याहून चांगलं होतं.

शाल्मलीने पान वाढलं. वडे, कढी, आमसुलाची चटणी. "माझा मराठी कच्चा आहे, सॉरी. खीर मी केली. गव्हले रेडीमेड आहेत, आईंना सांगू नका." मग एकदम वाकून तिने माझ्या पायांवर डोकं टेकवलं. "आई म्हणाल्या, आज तुमच्यात निवेदिताताई असतात. आय मीन, स्पिरिच्युअली. मला ब्लेसिंग द्या. त्यांचा जागा मी घेते, तर त्यांना माझा राग नको यायला."

"शाल्मली, पुरे," अनुप म्हणाला. "त्यांना जेवू दे."

"संकल्पाआधी कसं जेवतील?" गुरुजींनी त्याच्या हातावर पाणी घातलं. "हं. दिवंगत पत्नीचं नाव घ्या."

अनुपने ओंजळ ताम्हणावर धरली.

"नाव, यजमान."

"गुरुजी, पुढचं घ्या," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, पुढचं कसं घेऊ? नावाशिवाय हे कोणाला पोचवायचं?"

अनुपच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. विनवणी होती ती. अजून तीन महिने मी गप्प राहिले असते, तर तो तुरुंगात गेला असता. कोर्टाच्या बाकावर बसलेल्या सासूबाईंची साडीसुद्धा मी मनात ठरवून ठेवली होती. पण तो तुरुंगात जाण्यासाठी या मुलीला आधी त्याच्याशेजारी उभं राहून माळ घालावी लागणार होती. माझ्या पायांशी ती अजून तशीच बसली होती. आशीर्वादासाठी थांबली होती.

"मी सांगू का?" शाल्मली म्हणाली. "निवेदिता."

गुरुजींनी मान डोलावली. "निवेदिता. आता म्हणा, यजमान."

मी पान दोन्ही हातांनी पुढे सारलं.

"थांबा, गुरुजी. तिला काही पोचवायला नको. शाल्मली, वर बघ. निवेदिता मी आहे. मी मेलेले नाही, माझा घटस्फोट झालेला नाही, आणि मी हे लग्न होऊ देणार नाही."