दोन दीडशहाणे आणि आईचा फोटो

स्टुडिओत फोटो थोरला भाऊ काढायचा आणि रोल धाकटा धुवायचा. दोघांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. भांडणाचं कारण घरदार नव्हे, बायका नव्हेत. फिल्म धुवायच्या रसायनाची, म्हणजे डेव्हलपरची टाकी मिनिटातून एकदा हलवावी की दोनदा, एवढंच! थोरला डार्करूमच्या खिडकीत रोल ठेवी, धाकटा उचली. बाकी सगळं आईमार्फत चाले.

त्या आईनं ऐंशीव्या वर्षी प्रथमच फोटोला होकार दिला. ‘‘एकदाच बसेन हं,’’ असं बजावून ती पांढरी शाल पांघरून काळ्या पडद्यापुढे बसली.

रोल हातात आला तेव्हा धाकट्याला खात्री होती, की दादाचा हात सैल, त्यानं उजेड नुसता ओतला असणार. अशानं आईचे पांढरे केस चुन्यासारखे दिसतील. म्हणून उजळपणा कमी करायला नऊ मिनिटं लागणारी फिल्म त्यानं सहाव्याच मिनिटाला डेव्हलपरमधून काढली. दादाचा घोळ आपण गुपचूप निस्तरला, या आनंदात त्यानं शीळही घातली.

मग त्यानं निगेटिव्ह दिव्यासमोर धरलं. बाराच्या बारा फोटो पुसट. कसाबसा एक कागदावर उतरवला, तर काळोखात मळकट शाल, मळकट केस, आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. आईचा एकुलता एक फोटो त्यानं घालवला होता.

‘‘आई, त्याला विचार, उजेड किती दिला!’’

‘‘आई, त्याला विचार, मिनिटं किती ठेवली!’’

आईनं फोटो लांब धरला, मग जवळ. ‘‘शाल बरी आलीय. मी गेले की हाच लावा भिंतीवर. पण तेव्हा तुमचे निरोप कोण पोचवणार रे?’’

धाकट्याला रडू आवरेना.

‘‘उजेड चौथाईच दिला होता,’’ थोरला भिंतीकडे बघत पुटपुटला. ‘‘तू नेहमी फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त शिजवतोस, म्हणून.’’

‘‘मी? अरे दादा, मी तर तुझ्यासाठी तीन मिनिटं कमी केली! सांगायचंस ना!’’

‘‘तू विचारलंस?’’

‘‘तू बोलत होतास?’’

आवाज चढले. टाकीचं प्रकरणही पुन्हा निघालं. आई उठली, शाल सारखी केली आणि पडद्यापुढे जाऊन बसली.